योग्य मोड कोणता, हे त्यांना विचारायचं नाही

मंडळाच्या कॉम्प्युटरवरची सगळी रेकॉर्डिंग्ज मी पुसली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही शहाण्यासारखी बोलले तरी तुम्ही फसायचं कारण नाही. आणि पुसली म्हणजे कोपर लागून गेली असं नव्हे. चष्मा लावून, इंटरनेटवरच्या लेखाची प्रिंट शेजारी ठेवून, एकेका ओळीवर पेन्सिलने खूण करत, अत्यंत व्यवस्थित पुसली. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते. या वयापर्यंत बायकांना अक्कल आलेली असते असा एक समज आहे. मीही तो बाळगून होते.

त्याला कारण पुण्यातली एक सहकारी बँक. तिच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटरच्या सेक्शनमध्ये मी अठरा वर्षं काढली. आत एसी होता आणि चपला दाराबाहेर काढाव्या लागत, एवढ्यावरून आपण शास्त्रज्ञ आहोत अशी माझी समजूत झाली. प्रत्यक्षात मी सकाळी एक टेप चढवायचे आणि संध्याकाळी ती उतरवायचे. पण रिटायर होऊन मुलाकडे लंडनला, वेम्बलीत आले तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले की मी कॉम्प्युटर्समध्ये होते. तिथल्या मराठी मंडळाने विश्वास ठेवला. आडनाव ओळखीचं असलं की मंडळं बाकीचं तपासत नाहीत.

पण हे माझ्याबद्दल नाही. ज्या माणसाच्या नावावर मी माझी चूक खपू दिली, त्याच्याबद्दल आहे. बारा वर्षं झाली, अजून राग जात नाही. थोडा त्यांचाही येतो, तो का ते पुढे कळेल.

ते नागपूरचे. ईलिंग रोडच्या मागच्या गल्लीत राहायचे. एका मोठ्या संस्थेत आयुष्यभर डिस्कचंच काम करून वेळेआधी निवृत्त झाले होते. चर्च हॉलच्या मागे मंडळाची एक भाड्याची खोली होती, तिथला कॉम्प्युटर ते फुकट सांभाळायचे. दर शनिवारी दहाच्या ठोक्याला यायचे ते थ्री-पीस सूट घालून. निळा टाय, चकचकीत बूट. आल्यावर कोट खुर्चीच्या पाठीला लावायचे, बाह्या दुमडायचे आणि त्या कडक इस्त्रीच्या पँटनिशी वायरींच्या जंजाळात जमिनीवर मांडी घालून बसायचे. कमिटीतल्या बायका हसायच्या. सगळ्यांत जास्त मी. एकदा मी विचारलंच, की वायरी जोडायला सूट कशाला.

"कामाला आलोय म्हणून," ते म्हणाले. हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला नाही.

मला ते उत्तर उर्मट वाटलं. कुणाकुणाला नीट कपडे घालायचीसुद्धा सोय नव्हती, आणि ते काही फार जुनं नाही, हा विचार माझ्या शास्त्रज्ञ डोक्यात आलाच नाही.

मशीनशी मात्र ते फार अदबीने बोलायचे. "या साहेब, जागे व्हा. आज काय त्रास आहे आपल्याला?" माणसांच्या वाट्याला एवढंच यायचं: "बोला लवकर." पहिल्या भेटीत मी आपल्या पद्धतीप्रमाणे आडनाव, मूळ गाव, गावातली वस्ती अशा पायऱ्या उतरायला लागले, तर दुसऱ्याच पायरीवर त्यांनी मला अडवलं. "नागपूर. बाकीचं तर तुम्हाला समजलंच आहे, मग काहून विचारून राहिल्या?"

समजलं होतंच. त्यानंतर कामासाठी तीन-चार वेळा त्यांच्या घरी जायची वेळ आली. दर वेळी त्यांनी चहा विचारला, दर वेळी मी ॲसिडिटी सांगितली. ही ॲसिडिटी मला त्या एकाच घरी व्हायची. पुढे ते शनिवारी स्वतःचा थर्मास आणि स्वतःचा एकच कप घेऊन यायला लागले. मी घरी येऊन सुनेला म्हटलं, बाई गं, काय कंजूष माणूस आहे. सुनेने माझ्यापुढे चहाचा कप सरकवला. तिच्या लक्षात आलं असावं. माझ्या यायला पुढे बराच काळ लागला.

त्यांचा आणखी एक हट्ट होता. दर फेब्रुवारीत ते कमिटीला एक कागद द्यायचे, की चौदा एप्रिलला मंडळाने जयंतीचा कार्यक्रम करावा. तो विषय दर वर्षी अजेंड्याच्या तळाशी, 'एनी अदर बिझनेस'मध्ये जायचा, आणि तिथपर्यंत पोचेपर्यंत हॉलची वेळ संपायची. पुढच्या फेब्रुवारीत तोच कागद, साल बदलून. मीटिंगची मिनिट्स मी लिहायचे. माझ्या मोत्यासारख्या अक्षरात ते वाक्य चार वर्षं ओळीने आहे: वेळेअभावी विषय पुढे ढकलण्यात आला. गणपतीच्या मोदकांवर पाऊण तास चर्चा झाली तेव्हा वेळ कुठून आला होता, हे मिनिट्समध्ये नाही.

रेकॉर्डिंगची कल्पनाही त्यांचीच. या देशात आपली जी पहिली माणसं आली, बसचे कंडक्टर, नर्सबाया, कारखान्यांतल्या शिवणकामाच्या बाया, त्यांचे आवाज त्यांच्याच तोंडून जपून ठेवायचे. प्रश्न विचारायला मी, जपायला ते. दोन वर्षं आम्ही घरोघर फिरलो. तेवढ्यात त्यांतली पाच माणसं गेलीसुद्धा. त्यांचा आवाज आता त्या कॉम्प्युटरमध्ये होता, दुसरीकडे कुठे नव्हता. एक प्रत बाहेर ठेवायला हवी असं ते कमिटीला सांगून थकले. पुढच्या मीटिंगला बघू, असं ठरलं. तेही माझ्याच अक्षरात आहे.

म्हणून त्यांनी आपल्या परीने सोय केली होती. दोन मोठ्या डिस्क अशा जोडल्या होत्या की एकीवर जे लिहाल ते दुसरीवर आपोआप उमटावं. एक बिघडली तरी दुसरी आहे. मग मशीन फार हळू चालतं अशी ओरड झाली, तेव्हा कुणीतरी एक नवी एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क, देणगी दिली. त्यांनी विंडोज त्या नव्या डिस्कवर चढवलं, आणि जुनी जोडी तशीच ठेवली.

आता मोडचं सांगते, घाबरू नका, मलाही तेवढंच कळतं. कॉम्प्युटर चालू होताना एक बटण दाबून धरलं की विंडोजच्या आधीचा एक पडदा उघडतो. तिथे एक सेटिंग असतं: डिस्कशी कसं वागायचं. 'एएचसीआय' ठेवलं तर प्रत्येक डिस्क सुटी, जिची तिची. 'रेड' ठेवलं तर मशीन जोडीला जोडी म्हणून ओळखतं. आमच्या मशीनवर 'रेड' होतं. शनिवारी त्या खोलीत येणारी पुण्या-मुंबईची आयटीतली मंडळी त्यांना हटकून विचारायची, काका, एसएसडीला योग्य मोड कोणता? आणि काका भडकायचे. 'योग्य' हा शब्दच त्यांना सहन व्हायचा नाही. कुणासाठी योग्य, असं विचारायचे. मग बोट नाचवत त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "नव्याकडे पाहून मोड ठरवत नाहीत. आधीपासून आत कोण राहून राहिलंय, ते पाहून ठरवतात." प्रत्येक पडद्याचे फोटो काढून, प्रिंट करून, त्यांनी कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवले होते.

मला तर त्यांनी एका शनिवारी सगळं पाऊण तास समजावलं. कागदावर दोन डिस्क काढून, बाण काढून. सेटिंगला हात लावायचा नाही, आणि लावावासा वाटला तर आधी मला फोन करायचा, हे दोनदा सांगितलं. मी मान डोलावत राहिले. डोक्यात त्या वेळी साबुदाणा भिजत घातला की नाही हे चाललं होतं.

पुढच्याच आठवड्यात मी तो लेख वाचला. एसएसडीचा पूर्ण वेग हवा असेल तर एएचसीआयच ठेवा, असं त्यात ठासून लिहिलं होतं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. म्हणजे हे सूटवाले गृहस्थ चुकले होते तर! फोन करायचा विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू. पण ईडीपीमधल्या बाईने यांना विचारायचं? 'यांना' हा शब्द मी तेव्हा मनातसुद्धा कसा म्हणत असे ते मला आज ऐकू येतं, आणि त्या बाईच्या एक कानाखाली द्यावीशी वाटते.

गुरुवारी सकाळी किल्ली घेऊन गेले. लेखात सांगितल्याप्रमाणे आधी विंडोज सेफ मोडमध्ये नेलं, मग सेटिंग बदललं. आणि चालू झालं हो! मी एकटीच होते, नाहीतर पेढे वाटले असते. मग पाहते तर नेहमी जिथे एक मोठी डिस्क दिसायची, तिथे दोन. दोन्हींमध्ये त्याच फाइल्स. आता माझ्यासारख्या बाईला एकाच कपाटात त्याच वस्तूचे दोन नग दिसले तर काय होतं? हात शिवशिवतात. एवढी जागा फुकट चालली आहे असं वाटून मी एक डिस्क साफ केली.

इथे थांबले असते तरी चाललं असतं, हे लक्षात घ्या. दुसऱ्या डिस्कवर सगळं शाबूत होतं. पण मग मला शनिवार आठवला. ते येणार, बदललेलं सेटिंग पाहणार, आणि मला विचारणार. ते नको, म्हणून मी सेटिंग गुपचूप पूर्वीसारखं केलं. पडद्यावर प्रश्न आला: या दोन डिस्क जुळत नाहीत, पुन्हा जोडी करायची का? मी हो म्हटलं. कोणती डिस्क कोणत्या डिस्कवर उतरवायची, हेही त्याने विचारलं. नावं म्हणजे अक्षरं आणि आकड्यांच्या लांबच लांब माळा, दोन्ही मला सारख्याच दिसल्या. मी वरची निवडली. वरची रिकामी होती.

म्हणजे मूर्खपणाने गेलं नव्हतं काही. लपवायला गेले, त्याने गेलं.

शनिवारी त्यांनी फोल्डर उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी विचारलं, काय झालं? माझा आवाज इतका निरागस आला की क्षणभर माझा मलाच विश्वास बसला. त्यांनी मान वर केली नाही. "साहेबांना विचारतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कमिटीची तातडीची मीटिंग. आमची सेक्रेटरी चाळिशीची, सिटीत, म्हणजे लंडनच्या बँकांच्या भागात, फायनान्समध्ये, बोलणं एकदम पॉलिश्ड. ती म्हणाली की मी पहिल्यापासून सांगत होते, वी शुड हॅव गॉन प्रोफेशनल. इतकं सेन्सिटिव्ह काम आपण कुणाच्या हातात देतो, त्यांचं बॅकग्राउंड काय, हे बघायला नको का? बॅकग्राउंड! तीस वर्षं डिस्क सांभाळलेला माणूस समोर बसला होता, आणि त्याच टेबलाशी एक टेप चढवणारी बाई बसली होती, जिचं बॅकग्राउंड कुणी विचारलं नव्हतं. खजिनदार हळूच म्हणाले, यांना जबाबदारी दिली की हे असंच होतं. ते 'यांना' म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात एकच माणूस नव्हता. खोलीत सगळ्यांना ते कळलं. एकानेही चहाचा कप खाली ठेवला नाही.

मी? मी मिनिट्स लिहीत होते. 'तांत्रिक निष्काळजीपणामुळे रेकॉर्डिंग्ज नष्ट झाली.' मोत्यासारखं अक्षर.

ते उठले, कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, मशीन घरी नेतो, निघेल तेवढं काढतो. बाहेर पाऊस होता. मुलाच्या गाडीत बसून मी पाहिलं, सूटवर रेनकोट न घालता त्यांनी तो रेनकोट कॉम्प्युटरला गुंडाळला होता, आणि ते बसस्टॉपवर उभे होते. मुलगा म्हणाला, आई, त्यांना लिफ्ट देऊ का? मी म्हटलं, त्यांना आवडत नाही.

सहा आठवडे ते शनिवारी फिरकले नाहीत. नंतर कळलं ते असं, की डिस्कवर आवाजांचे तुकडे जागच्या जागी होते, फक्त त्यांची नावं आणि पत्ते पुसले गेले होते. कोणता आवाज कुणाचा हे मशीन सांगू शकत नव्हतं. मग या माणसाने एकेक तुकडा कानाला लावून ऐकला. शंभराच्या वर तास. ही लुटन गावची शिवणकामवाली आजी, हा कंडक्टर, ही नर्स. ओळखून, नाव देऊन, ओळीने लावले. चार रेकॉर्डिंग्ज सापडली नाहीत, बाकी सगळी परत आली. गेलेल्या पाचांपैकी पाचही.

एका शनिवारी त्यांनी मशीन आणून जागेवर ठेवलं. मला एक कागद दिला, त्यावर माझ्या मुलाखतींबद्दल शेरे होते. 'बाई, समोरची बाई नवऱ्याबद्दल बोलू लागली की तुम्ही दर वेळी तिला चहा विचारता. बोलू द्या.' सेक्रेटरीने मशीन चालू करून पाहिलं, थँक यू म्हणाली, आणि त्याच दमात सांगितलं की कमिटीने फोनाफोनी करून पुढचं काम एका कंपनीला द्यायचं ठरवलंय, तर पासवर्ड आणि किल्ली द्याल का. त्यांनी दिली. पासवर्ड स्वच्छ अक्षरात लिहून, खाली सही करून.

त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात माझं काहीतरी तुटलं. मी त्यांच्या घरी गेले. वाटेत मनातल्या मनात भाषण तयार केलं होतं. त्यात मी फार थोर दिसत होते. बसल्या बसल्या सगळं सांगितलं. गुरुवार, लेख, साफ केलेली डिस्क, वरची निवडली ते. त्यांनी चहा विचारला नाही.

"अकरा वाजून वीस मिनिटांनी," ते म्हणाले. "मशीन सारं लिहून ठेवतं. हॉलच्या किल्लीच्या वहीत सही तुमची आहे. मला त्याच शनिवारी माहीत होतं."

माझं भाषण कुठल्या कुठे गेलं. मला राग आला, त्यांचा. भांडायलाच उठले. म्हटलं, मग बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर ऐकून काय घेतलंत? मला सांगायला लावायचं होतंत!

"मी बोललो असतो तर काय झालं असतं? नागपूरचा माणूस आपली चूक पुण्याच्या बाईवर ढकलून राहिला, असं झालं असतं. तुम्ही ते मिनिट्समध्ये लिहिलं असतं." ते उठून दारापाशी गेले. "आणि हे मला येऊन काय सांगता? मला तर माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

मी बाहेर पडले ती दात-ओठ खात. एवढ्या वर्षांत त्या माणसाने मला एकदाही गोड शब्द दिला नव्हता, आणि आज मी स्वतःहून आले तर दार दाखवलं! ईलिंग रोडवर भाजीच्या दुकानाशी पोचेपर्यंत कळलं होतं की त्यांच्या बोलण्यात खोडायला एक शब्दही नाही, आणि म्हणूनच मी एवढी चिडले आहे.

पुढची मीटिंग दीड महिन्याने होती. पहिला विषय नेहमीचा, मागच्या मीटिंगची मिनिट्स वाचून कायम करणे. वाचायला मीच उभी राहिले. 'तांत्रिक निष्काळजीपणामुळे' इथपर्यंत आले आणि थांबले. म्हटलं, हे वाक्य खोटं आहे आणि ते मी लिहिलंय. सेटिंग मी बदललं. डिस्क मी साफ केली. लपवायला गेले आणि दुसरीही घालवली. त्यांनी मला पाऊण तास बसवून नको म्हणून सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही. हे आत्ता मिनिट्समध्ये जायला हवं, आणि कमिटीने त्यांची लेखी माफी मागायला हवी. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता.

खजिनदारांनी घड्याळ पाहिलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. मला वाटलं, आता माझ्यावर तुटून पडतील, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. त्या दिवशी त्यांच्यावर जे जे ओतलं होतं त्याच्या निम्मं जरी माझ्या वाट्याला आलं असतं, तरी मी या लोकांना माणसं म्हटलं असतं.

सेक्रेटरी उठून माझ्याजवळ आली. माझ्या दंडावर हात ठेवला. चेहऱ्यावर अगदी खरी माया होती, आणि मला आजही सर्वांत जास्त संताप येतो तो त्या मायेचा. ती म्हणाली, "अय्या काकू, तुम्ही होतात होय? अहो मग एवढं काय मनाला लावून घेताय, चूक काय, कोणाच्याही हातून होते. आणि खरं सांगू का, त्यांनीच तुम्हाला आधी नीट समजावून सांगायला हवं होतं."